क्रेडिट कार्डाचा दावा : पाकीट उघडा, उत्तर द्या

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची नोकरी गेली. घरभाडं, गाडीचा हप्ता, मुलाचं डे-केअर, सगळं कार्डावर ढकललं. काही महिन्यांनी कार्डाचे पैसे भरणं थांबलं. वसुलीचे फोन यायला लागले, तसे त्यांनी अनोळखी नंबर घेणंच सोडलं. कोर्टाचं पाकीट आलं, ते 'नंतर बघू' म्हणून फ्रिजवर ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही. एक दिवस बँकेतलं खातं गोठलं, तेव्हा कळलं की दाव्याचा निकाल कधीच लागून गेलाय.

हे एकाच घरचं दुखणं नाही. अमेरिकेतली क्रेडिट कार्डांची एकूण थकबाकी २०२३ मध्ये पहिल्यांदा एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि व्याजदर सरासरी २० टक्क्यांच्या वर आहेत. 'प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स'च्या २०२० च्या अहवालानुसार, जिथली आकडेवारी मिळाली तिथे कर्जवसुलीचे ७० टक्क्यांहून जास्त दावे एकतर्फी निकाली निघाले. म्हणजे प्रतिवादीनं उत्तरच दिलं नाही. वकील होता तो दहातल्या एकापेक्षाही कमी जणांकडे. थोडक्यात, बहुतेक लोक कोर्टात हरत नाहीत. ते कोर्टापर्यंत पोचतच नाहीत.

यातली मेख अशी की दावा लावणारी नेहमी तुमची बँकच असते असं नाही. बुडीत कर्जं घाऊक विकली जातात. फेडरल ट्रेड कमिशननं २०१३ मध्ये तपासलं, तेव्हा खरेदीदार कंपन्या कर्जाच्या एका डॉलरमागे सरासरी ४ सेंट मोजत होत्या. अशा कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: कर्ज तुमचंच आहे, रक्कम बरोबर आहे आणि ते कर्ज हातोहात तिच्याकडे कसं आलं. पण तुम्ही उत्तर दिलंत तरच! गप्प बसलात, तर तिचं काम फुकटात झालं.

न्यू जर्सीत २० हजार डॉलरपर्यंतचे दावे 'स्पेशल सिव्हिल पार्ट'मध्ये चालतात. समन्स साध्या टपालानं आणि सर्टिफाइड टपालानं, असं दोन्हीकडून येतं. सर्टिफाइड पत्र सोडवून घेतलं नाही, पण साधं पत्र परत गेलं नाही, तरी समन्स मिळालं असंच धरतात. उत्तराला ३५ दिवस. कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्सासच्या जस्टिस कोर्टात फक्त १४. त्यामुळे आपल्या समन्सवरची तारीख आधी बघायची.

वसुली कंपनीला पत्र लिहिणं म्हणजे कोर्टाला उत्तर देणं नव्हे, ही गल्लत फार जण करतात. कंपनीनं पहिली नोटीस पाठवल्यावर ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर तिला कर्जाचा पुरावा द्यावा लागतो. पण दावा दाखल झाला असेल, तर कोर्टाची मुदत वेगळी चालू असते.

कर्ज किती जुनं आहे तेही तपासा. न्यूयॉर्कनं २०२१ च्या कायद्यानं अशा दाव्यांची मुदत ३ वर्षांवर आणली. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ती ४ वर्षं, न्यू जर्सीत ६. जुन्या कर्जावर फोनवरच्या माणसाच्या आग्रहाखातर पन्नास डॉलर भरले, तर अनेक राज्यांत मुदत नव्यानं सुरू होऊ शकते. देणं खरंच असेल, तर तडजोड जरूर करा, पण लेखी. आणि ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम माफ झाली, तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, हे लक्षात ठेवा.

आपल्या लोकांना खरी भीती असते ती व्हिसाची. हा दिवाणी मामला आहे. केवळ कार्डाचं देणं थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही आणि तेवढ्यानं एच-१बी रद्द होत नाही. मात्र निकालानंतर कोर्टानं मालमत्तेची माहिती द्यायला सांगितलं, तर तो आदेश टाळायचा नाही.

नोकरी गेल्यावर ६० दिवसांत नवी मिळाली नाही की काही जण सामान आवरून भारतात परततात. 'तिकडे कोण येतंय मागायला?' यात अर्धंच तथ्य आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमेरिका येत नाही, त्यामुळे इथला निकाल तिकडे थेट बजावता येत नाही, भारतात नवा दावा लावावा लागतो. पण न्यू जर्सीतला निकाल २० वर्षं जिवंत राहतो. इथे राहिलेलं बँक खातं, उद्या पुन्हा आलात तर पगार, दोन्हींवर तो येऊ शकतो.

तिकडच्या आईवडिलांनाही एक सांगणं. मुलाच्या कर्जावर तुमची सही नसेल, तर ते देणं तुमचं नाही. १९७७ च्या कायद्यानुसार वसुली कंपनी मुलाचा ठावठिकाणा विचारू शकते, पण त्याच्या कर्जाची कथा तुम्हाला सांगू शकत नाही. फोनवर धमकावून पैसे मागणारा बहुधा भामटाच असतो.

फेब्रुवारी २०२५ पासून ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या सीएफपीबी या केंद्रीय संस्थेचे पंख छाटायला सुरुवात झाली आहे. वरून कोणी मदतीला येईल, या भरवशावर आता राहता येणार नाही. राज्याचे कायदे आणि आपलं वेळेवर दिलेलं उत्तर, आधार तेवढाच.

त्या गृहस्थांनी शेवटी वकील गाठून तडजोड केली, पण तोवर मूळ रकमेवर व्याज आणि खर्च चढला होता. वकील परवडत नसेल, तर कोर्टाच्या वेबसाइटवर उत्तराचे फॉर्म असतात. उत्पन्न कमी असेल, तर 'लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी'सारख्या संस्था विनामूल्य सल्ला देतात. फ्रिजवर असं एखादं पाकीट पडलं असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर दोघांनी मिळून ते उघडा.