‘तथ्य’ नावाचे पान : ‘द दा विंची कोड’मधील इतिहास आणि कल्पित

डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या पाठोपाठ तिच्यातील चुका दाखवणाऱ्या पुस्तकांचीही रांग लागली. लूव्र संग्रहालयाच्या पिरॅमिडमध्ये ६६६ काचा नाहीत, त्या ६७३ आहेत. ‘ओपस देई’ या १९२८ साली स्पेनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेत मठवासी भिक्षू नसतातच, मग सायलास हा खुनी भिक्षू आला कोठून. टेम्पलर सरदारांची राख पोपने टायबर नदीत टाकली असे कादंबरी सांगते, पण तो पाचवा क्लेमेंट पोप म्हणून रोममध्ये कधी राहिलाच नाही. अशी यादी हवी तेवढी लांबवता येते. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम ही यादी पुरी करून संपत नाही; किंबहुना ते तेथे सुरूही होत नाही. कादंबरीकाराला इतिहासात फेरफार करण्याची मुभा आहे, हे एकदा मान्य केले की चुकांची यादी हा कलाकृतीवरचा आक्षेप ठरत नाही. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो दुसरीकडे घ्यावा लागतो.

ती जागा म्हणजे कादंबरी सुरू होण्यापूर्वीचे एक पान. त्याला ‘तथ्य’ असे शीर्षक आहे. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना असून तिच्या सदस्यांची नावे सांगणारी चर्मपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला १९७५ साली सापडली, असे हे पान सांगते. कादंबरीतील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे आणि गुप्त विधी यांची वर्णने अचूक असल्याची ग्वाहीही देते. फ्रेंच समीक्षक झेरार जेनेत यांनी शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा मजकुराला संहितेचा उंबरठा मानले आहे. या उंबरठ्यावरच वाचक आणि लेखक यांच्यातील करार ठरतो. ब्राऊन यांचे पान निवेदकाचे नाही, कोणा पात्राचेही नाही. ते लेखकाच्या अधिकारवाणीने बोलते. आणि त्याची शब्दयोजना मोठी सावध आहे. कागदपत्रांचे वर्णन अचूक आहे एवढेच ते म्हणते. कागदपत्रे अस्सल आहेत असे म्हणत नाही. सामान्य वाचक हा भेद करीत नाही, आणि त्याने तो करू नये अशीच ती रचना आहे.

मुळात वर्णनही अचूक नाही. पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने काही सहकाऱ्यांसह १९५६ साली आपल्या संघटनेची रीतसर नोंदणी केली. ‘प्रायरी ऑफ सायन’चा नोंदलेला इतिहास एवढाच. मरोविंजियन राजवंशाचा वारस म्हणून मिरवण्याची त्याला हौस होती. त्यासाठी वंशावळी आणि सदस्यांच्या याद्या तयार करून १९६०च्या दशकात त्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल करण्यात आल्या. त्या चर्मपत्रे नव्हेत, साधे आधुनिक कागद आहेत. आणि त्या ग्रंथालयाला ‘सापडल्या’ नाहीत, ग्रंथालयात ठेवल्या गेल्या. याच कथेच्या आधाराला जी लॅटिन चर्मपत्रे पुढे करण्यात आली, ती आपण रचल्याचे प्लांतारचा साथीदार फिलिप द शेरिसे याने पुढे मान्य केले. ग्रंथालयात असणे म्हणजे प्रमाण असणे, या वाचकाच्या भाबड्या समजुतीवर ही बनावट उभी होती. बनावट सनदा आणि जोडलेल्या वंशावळी यांच्याशी झुंजलेल्या मराठी इतिहाससंशोधनाला हा प्रकार अपरिचित वाटू नये.

या बचावावर एक प्रतिवाद संभवतो, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाविषयीची सर्वांत धाडसी विधाने कादंबरीत ली टीबिंग या पात्राच्या तोंडी आहेत. आणि टीबिंग हाच अखेरीस खलनायक ठरतो. मग त्याची विधाने अविश्वसनीय मानावीत, असे संहिताच सुचवीत नाही काय? हा युक्तिवाद चतुर आहे, पण संहितेत तो टिकत नाही. टीबिंग बोलत असताना हार्वर्डचा प्राध्यापक असलेला नायक लँग्डन त्याला दुजोरा देत राहतो. सोफी ही अज्ञ श्रोती आणि दोन विद्वान वक्ते अशी त्या प्रकरणांची मांडणी आहे. शंका विचारणारे कोणीच नाही. टीबिंगचे कारस्थान उघड झाल्यावर त्याचा हेतू बाद होतो, त्याचा इतिहास मात्र अबाधित राहतो. संवादाचे रूप घेतलेले हे व्याख्यान आहे, आणि कादंबरी म्हणूनही तो तिचा सर्वांत दुबळा भाग आहे.

त्या व्याख्यानातील निकाएच्या धर्मपरिषदेचे उदाहरण घ्यावे. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या या परिषदेत येशूचे देवत्व मतदानाने, तेही काठावरच्या बहुमताने, ठरले असे टीबिंग सांगतो. परिषदेपुढील वाद देवत्वाचा नव्हता. पुत्र हा पित्याइतकाच अनादी की पित्याने निर्मिलेला, हा एरियसच्या शिकवणीतून उद्भवलेला प्रश्न होता. आणि एरियसही येशूला सामान्य मर्त्य मानीत नव्हता. श्रद्धापत्राला अखेरपर्यंत नकार देणारे बिशप दोनच निघाले. पौलाची पत्रे परिषदेच्या पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांत येशू ‘प्रभू’ म्हणून पूजिला जातोच. नव्या करारातील ग्रंथांची निवडही तेथे झाली नाही. आज मान्य असलेल्या २७ ग्रंथांची यादी प्रथम अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात आढळते. दीर्घकाळ, अनेक ठिकाणी, वादंगातून घडलेली प्रक्रिया कादंबरीत एका सम्राटाचा एका दिवसाचा कट बनते. कटकथेला इतिहासाचा संथपणा परवडत नाही.

येथवरचा गोंधळ निस्तरता येण्याजोगा आहे. मरिया मग्दालियाच्या बाबतीत मात्र कादंबरी काहीतरी अधिक मोलाचे हिरावून घेते. मग्दालिया ही वेश्या होती असे शुभवर्तमाने कोठेच म्हणत नाहीत. पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रवचनात तिची सांगड दुसऱ्या एका पापिणीशी घातली आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये ती प्रतिमा रूढ झाली. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या पंचांगाची फेररचना केली तेव्हा ती मागे पडली. म्हणजे तिच्यावर अन्याय झाला, हे कादंबरीचे गृहीतक निराधार नाही. आधारही आहेत. १८९६ साली कैरोत मिळालेल्या कॉप्टिक हस्तलिखितातील ‘मरियेचे शुभवर्तमान’ तिला गुरूच्या जागी बसवते. ती शिष्यांना उपदेश करते, पेत्र तिच्या अधिकारावर संशय घेतो, लेवी तिची बाजू घेतो. इलेन पेगल्स यांच्या १९७९ सालच्या ग्रंथापासून आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील स्त्रियांच्या स्थानाचा प्रश्न सामान्य वाचकांपर्यंत पोचला होता.

या सामग्रीचे ब्राऊन काय करतात? मग्दालिया येशूची पत्नी होती आणि तिच्या उदरी त्याचा वंश वाढला, हे तिचे रहस्य ठरते. पवित्र पात्र म्हणजे तिचे गर्भाशय. जिला प्राचीन ग्रंथाने बोलती केली, तिला स्त्रीत्वाचा गौरव करू पाहणारी ही कादंबरी पुन्हा पत्नी आणि माता या दोनच भूमिकांत बसवते. तिच्या उपदेशापेक्षा तिचे रक्त महत्त्वाचे. प्लांतारची राजवंशाची हौस येथे स्त्रीवादाचे वस्त्र पांघरून येते, हे त्या काळी फार थोड्या समीक्षकांनी ध्यानात घेतले. आधारासाठी ‘फिलिपचे शुभवर्तमान’ पुढे केले जाते. त्यातील ‘सहचारी’ हा शब्द अरेमाइक भाषेत पत्नीवाचक आहे, असे टीबिंग म्हणतो. तो ग्रंथ अरेमाइकमध्ये नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे मिळालेली त्याची प्रत कॉप्टिक आहे आणि तो शब्द ग्रीकमधून घेतलेला, व्यापक अर्थाचा आहे. येशू तिचे चुंबन कोठे घेई, हे सांगणारा शब्द जेथे असायला हवा, तेथे पपायरसला भोक पडले आहे.

तथ्य आणि कल्पित यांची सीमारेषा अखेर न्यायालयातही तपासली गेली. बेजंट, ली आणि लिंकन यांचे ‘होली ब्लड, होली ग्रेल’ हे १९८२ सालचे पुस्तक प्लांतारच्या कागदांवर विसंबलेले होते, आणि ब्राऊन यांनी टीबिंगचे नावच त्यातील दोन लेखकांच्या नावांवरून घडवले होते. त्याच दोघांनी, बेजंट आणि ली यांनी, कल्पनाचौर्याचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयात लावला. २००६ साली तो फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी अपीलही. त्यांची अडचण विलक्षण होती. आपण मांडला तो इतिहास, असे त्यांचे म्हणणे. आणि इतिहासातील घटना किंवा त्यांविषयीचे सर्वसाधारण अनुमान यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. ‘हे सारे आम्ही रचले’ असे ते म्हणते, तर त्यांची बाजू कदाचित बळकट झाली असती. तसे म्हणणे त्यांना शक्य नव्हते.

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीवरही कल्पिताला इतिहास म्हणून खपवल्याचा आरोप वारंवार झाला आहे, आणि तो नेहमीच चुकीचा नव्हता. तरी उंबरठ्यावरचा व्यवहार तेथे वेगळा होऊ शकतो. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. शिवचरित्राचे प्रश्न ती स्वतंत्रपणे, शंका आणि मतभेद यांसह मांडते. वाचक कादंबरीत शिरतो तो ते प्रश्न सोबत घेऊन. ब्राऊन यांचे एक पानी ‘तथ्य’ नेमके हेच प्रश्न बंद करते.

२००६ साली या कादंबरीवरील चित्रपट भारतात आला तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी विरोध केला आणि काही राज्यांनी बंदीही घातली. बंदी हा समीक्षेचा पर्याय नव्हे. चित्रपट प्रमाणन मंडळाने मात्र चित्रपटाला एक निवेदन जोडायला लावले : ही संपूर्णतः काल्पनिक कलाकृती आहे. कादंबरीच्या पहिल्या पानावर ‘तथ्य’ आणि त्याच कथेच्या पडद्यावर ‘काल्पनिक’, अशी दोन विरुद्ध प्रमाणपत्रे मग भारतीय वाचक-प्रेक्षकांच्या हाती एकाच वेळी होती.