अटकळीला अटकळच म्हणावे

प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे वर उडून त्याला चिकटतात. हा शाळेतला प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. खालून अख्खी पृथ्वी ते कपटे ओढत असते, तरी टीचभर कंगवा तिच्यावर मात करतो, ही त्यातली खरी गंमत. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना विद्युतबलाने जेवढे दूर लोटतात, ते त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४ वर ४२ शून्ये इतके पट असते.

गुरुत्व एवढे दुबळे असणे हा योगायोग की सक्ती? २००६ मध्ये नीमा अरकानी-हामेद, लुबोश मोटल, अल्बर्टो निकोलिस आणि कुमरून वाफा यांनी ही सक्ती असावी, असे मांडले. त्यांचा युक्तिवाद असा : समान भाराच्या कणांमधले अपकर्षण गुरुत्वापुढे हरले, तर दोन कण जखडून एक जोडी होईल. मग तिसरा, चौथा, असे कितीही कण चिकटत जातील आणि अशा 'बद्ध अवस्थां'ना अंतच राहणार नाही. भारित कृष्णविवरांनाही आपला भार बाहेर टाकून पूर्ण विरून जाता येणार नाही. हे टाळायचे, तर निदान एका कणासाठी तरी गुरुत्व हे सर्वांत दुबळे बल असले पाहिजे.

यात अदिश बल आले की हिशेब बदलतो. हिग्ज कण हा अदिश कणाचा ज्ञात नमुना. २०१२ मध्ये तो सापडला. तो जड असल्याने त्याचे बल अणुकेंद्रकाच्याही आत विरते. पण एखादा अदिश कण अत्यंत हलका असेल, तर त्याचे बल दूरवर पोहोचेल आणि दोन सारख्या कणांना ते नेहमी जवळच ओढेल. म्हणजे अपकर्षणाला आता दोन आकर्षणांशी झुंजावे लागेल. २०१७ मध्ये एरान पाल्टी यांनी ही बेरीज मांडली. शिवाय असे अदिश बल असेल तिथे, ज्या कणावर ते गुरुत्वाहून जोरकस ठरते असा एखादा कण असलाच पाहिजे, असेही सुचवले.

हे सारे कागदावरचे असले तरी निरर्थक नाही. हलके अदिश बल असेल, तर वेगवेगळे पदार्थ किंचित वेगळ्या वेगाने पडू शकतात. 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे ठोकळे वापरून हेच तपासले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षांत, एकावर १५ शून्ये एवढ्या भागांतील काही भागांपर्यंत फरक आढळला नाही. १९८६ मध्ये 'पाचव्या बला'ची चर्चा उसळली, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामनाथ कौसिक आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली पीळ-तराजू टांगून शोध घेतला होता. त्यांनाही असे बल सापडले नाही.

मग अटकळ खोटी ठरली का? नाही. 'एखादा कण' एवढीच तिची अट आहे, आणि तो कण सामान्य पदार्थातला असण्याचे बंधन नाही. इथेच खरी अडचण आहे. इलेक्ट्रॉनाचे उदाहरण मूळ अटकळीला अनुकूल आहे, पण एका अनुकूल उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही; आणि प्रयोगात काही न सापडल्याने अटकळ मोडतही नसेल, तर तिला विज्ञानाच्या कसोटीवर लावायचे कसे?

म्हणून अशा मर्यादांवर संशोधन थांबवा, असे म्हणणे चुकीचे ठरेल. कुठे शोधणे फोल आहे हे कळले, तरी प्रयोगकर्त्यांची वर्षे वाचतात. परंतु सिद्धांतकारांनी दोन पथ्ये पाळावीत. अटकळीला नियम म्हणू नये, आणि काय आढळले तर ती सोडून देऊ, हे आधीच सांगावे. शासनानेही तारेवर टांगलेल्या तराजूंसारख्या संथ, निमूट प्रयोगांना हात आखडता घेऊ नये. गणित दिशा दाखवील. पण निसर्गाचा होकार किंवा नकार त्या तराजूकडूनच यायचा आहे.