हार्टब्लीड: स्वतःचं ‘मॅलॉक’ ओपनएसएसएलला कसं महागात पडलं?

7 एप्रिल 2014 रोजी ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली आणि अनेक वेबसाइट्सनी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. त्रुटी होती ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे वेबसाइट आणि ब्राउझरमधला संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत.

मूळ चूक साधी होती. समोरून आलेली माहिती खरंच सांगितली तेवढी आहे का, हे कोड तपासत नव्हता. त्यामुळे एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला 64 केबीपर्यंतचा डेटा बाहेर जाऊ शकत होता.

मग संरक्षण कुठे गेलं? मेमरी घेण्या-सोडण्यासाठी सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘मॅलॉक’ आणि ‘फ्री’ ही फंक्शन्स असतात. काही सिस्टिम्सवर ती संथ चालतात, म्हणून ओपनएसएसएलने त्यांच्यावर स्वतःची व्यवस्था बसवली होती. वापरून झालेली मेमरी ती परत न करता स्वतःकडेच ठेवायची. परिणामी, ओपनबीएसडीसारख्या सिस्टिमने ‘मॅलॉक’मध्ये दिलेली सुरक्षा तिथपर्यंत पोहोचलीच नाही.

स्वतःचं फंक्शन लिहिणं गैर नाही. पण मूळ लायब्ररीत पुढे होणाऱ्या सुधारणा त्याला आपोआप मिळत नाहीत. ओपनबीएसडीच्या टीमने त्याच महिन्यात ‘लिबरएसएसएल’ ही वेगळी आवृत्ती सुरू केली आणि त्यातून ही व्यवस्थाच काढून टाकली.