वॉर्डात शिरण्याआधी परिषदेत

पदवीच्या विद्यार्थ्यांना जैवनीतिशास्त्राच्या परिषदांना पाठवा, त्यांचे भाडे आणि नोंदणी शुल्क महाविद्यालयाने भरावे, त्या दिवसांची हजेरीही द्यावी, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्यांना अजून रोग ओळखता येत नाहीत, त्यांना नीतीचे पेच काय कळणार? आधी एमबीबीएस होऊ दे, एमडी होऊ दे, चार पावसाळे पाहिले की परिषदा आहेतच. हा पूर्वपक्ष समंजस वाटतो आणि तो मांडणाऱ्यांत विद्यार्थ्यांविषयी मनापासून कळकळ असलेले शिक्षकही आहेत, म्हणून तो उडवून लावून चालणार नाही. त्याचा सारा भार एका गृहीतावर आहे: अनुभव वाढतो तशी नैतिक जाण वाढते. वैद्यकीय शिक्षणापुरते हे गृहीत तपासून पाहिले गेले आहे आणि ते टिकलेले नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांची एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. आपली काही तत्त्वे तरी या काळात झिजली किंवा हरवली, असे ६२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. २००३ साली फिलाडेल्फियातल्या पाच महाविद्यालयांचा अभ्यास आला. भूल दिलेल्या स्त्रीची योनिमार्गातून तपासणी शिकण्यासाठी तिची आधी परवानगी घेणे किती महत्त्वाचे, असा त्यातला प्रश्न होता. स्त्रीरोग विभागातली प्रशिक्षणाची फेरी पूर्ण केलेल्यांना ती परवानगी, फेरी न केलेल्यांच्या तुलनेत, कमी महत्त्वाची वाटत होती. अनुभवाने त्यांना हात चालवायला शिकवले आणि एक प्रश्न विचारायचे विसरायला लावले. ते तरुण वाईट होते असा याचा अर्थ नाही. वॉर्डात वरिष्ठांचे पाहून शिकायचे असते, युनिटमध्ये टिकायचे असते, आणि रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट काही आठवड्यांत ‘अशीच पद्धत असते’ होऊन जाते. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातला याच विषयावरचा अभ्यास छापून आला आणि तिथे मोठी खळबळ उडाली. त्या निबंधाची पहिली लेखिका स्वतः वैद्यकाची विद्यार्थिनी होती. ज्या वयाला आपण कच्चे म्हणतो, त्या वयाने जे पाहिले ते वर्षानुवर्षे त्याच विभागांत वावरणाऱ्यांना दिसत नव्हते, किंवा दिसूनही बोलावेसे वाटत नव्हते. म्हणून मदत लवकर हवी. झिजून गेलेली जाण पुढे परिषदेतल्या भाषणांनी परत येईल यावर मी विसंबणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आले. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे सत्तावीस पाठ त्यात आहेत, मग वेगळी परिषद कशाला? एटकॉम आले हे चांगलेच झाले, पण अभ्यासक्रम स्वतः चुकतो तेव्हा काय करायचे? कौमार्याची ‘लक्षणे’ आपल्याकडे न्यायवैद्यकात पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी चिकाटीने मांडले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग २०१९मध्ये वगळला. तरी ऑगस्ट २०२४च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढलेल्या सुधारित अभ्यासक्रमात कौमार्याचा विषय पुन्हा आला, समलिंगी स्त्रीसंबंध लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत जाऊन बसले, आणि टीका झाल्यावर काही दिवसांत आयोगाला तो मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला गेला तो वर्गाबाहेरच्या आवाजांमुळे. डॉक्टर, वकील, अपंगांच्या आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झटणारे कार्यकर्ते यांचे म्हणणे विद्यार्थ्याच्या कानावर कधी पडलेच नाही, तर हातात आलेला अभ्यासक्रम चुकू शकतो हे त्याला कळणार कुठून? शिवाय एटकॉमचा तास घेणारे सर बहुधा त्याच रुग्णालयातले असतात आणि पुढे तोंडी परीक्षेला तेच समोर बसणार असतात. त्यांच्यापुढे त्याच रुग्णालयातल्या संमतिपत्रांविषयी शंका काढणे किती जणांना जमेल?

परिषदेत ही उतरंड निदान तीन दिवस सैल होते. आपल्याकडे तशी जागा आयती मिळालेली नाही, ती घडवावी लागली. मुंबईच्या फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटीने १९९३मध्ये नियतकालिक काढले, तेच आजचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. त्याच प्रयत्नांतून २००५मध्ये मुंबईत पहिली राष्ट्रीय जैवनीतिशास्त्र परिषद भरली. जानेवारी २०१७ची पुण्यातली परिषद सन्मानाने मरण आणि उपशामक उपचार या विषयावर होती. महाराष्ट्राला तो विषय दुरून आलेला नव्हता. परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ अचेतन अवस्थेत पडून होत्या. त्यांच्या इच्छामरणाविषयीच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मानला तो त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा आणि इतर कर्मचाऱ्यांचा. तरीही ‘विद्यार्थी’ म्हटले की आपल्या मनात एमबीबीएसचाच विद्यार्थी येतो. रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ काढणारी बीएस्सी नर्सिंगची विद्यार्थिनी आणि उद्या हाच वाद न्यायालयात चालवणारी विधी शाखेची विद्यार्थिनी या मदतीतून सुटली, तर ती मदत अर्धीच म्हणावी लागेल.

आता पैशाचा मुद्दा. सरकारी रुग्णालयात औषधे बाहेरून आणायला सांगितली जात असताना विद्यार्थ्यांच्या प्रवासावर खर्च कशाला, हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण मागणी विमानाच्या तिकिटाची नाही. स्लीपरचे परतीचे भाडे, एखाद्या वसतिगृहात तीन रात्रींची सोय आणि शुल्कात सवलत, एवढीच ती आहे. परदेशातल्या जागतिक परिषदांची गोष्ट मी इथे करत नाही. एवढ्या रकमेने औषधांचा तुटवडा भरून निघत नाही. न दिल्याने मात्र एक गोष्ट नक्की होते: ज्याच्या घरी पैसा आहे तोच जातो. ज्याने आपल्या आजीला जनरल वॉर्डात जमिनीवरच्या गादीवर पाहिले, न वाचता येणाऱ्या कागदावर वडिलांचा अंगठा उमटताना पाहिला, तो घरी राहतो. संमती म्हणजे काय हे त्या मुलाला खाटेच्या बाजूने माहीत असते, आणि नेमका त्याचाच आवाज या चर्चेत हवा आहे. हा पैसा औषधकंपन्यांकडून मात्र घेऊ नये. कंपन्यांच्या खर्चाने प्रवास करण्यावर भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना २००९मध्येच बंदी घातली. नीतीच्या पहिल्या परिषदेलाच प्रायोजकाच्या पैशाने नेऊन विद्यार्थ्याला ती बंदी कशी पटवणार? विद्यापीठाचा विद्यार्थी कल्याण निधी हाच त्याचा योग्य मार्ग. पदवीच्या विद्यार्थ्यावर सार्वजनिक पैसा खर्चणे आपल्याला नवे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे.

मुले प्रमाणपत्रासाठी जातील, या भीतीत तथ्य आहे. काही जातीलच. पण ही खोड आपल्याच अटींनी वाढवली आहे. ‘निबंध स्वीकारला गेला तरच पैसे’ म्हटले की घाईघाईने जुळवलेली पोस्टर तयार होतात आणि त्यांवर ज्यांनी काम केले नाही त्यांची नावे चढतात. नीतीच्या परिषदेत अनीतीने शिरण्याची ही वाट आपणच आखून देतो. पहिल्या खेपेला निबंधाची अट नसावी. आपल्याला कोणता प्रश्न छळतो हे विद्यार्थ्याने आपल्या भाषेत, मराठीतसुद्धा, पानभर लिहून द्यावे आणि परतल्यावर आपल्या तुकडीपुढे चर्चा घ्यावी. ऑनलाइन ऐकले तर काय बिघडले, असेही विचारतात. भाषण ऐकण्यापुरते काही बिघडत नाही. पण ध्वनिमुद्रण चालू असलेल्या बैठकीत स्वतःच्या रुग्णालयातली गोष्ट कोणता विद्यार्थी बोलेल? ती तो जेवणाच्या रांगेत, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी डॉक्टरला विचारतो.

उरते हजेरी. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरीच्या नियमापुढे तीन दिवसांची गैरहजेरी विद्यार्थ्याला भाड्याहूनही महाग वाटते. पण ‘अश्वमेध’च्या क्रीडास्पर्धांना आणि ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सवाला आपली विद्यापीठे दरवर्षी संघ पाठवतात आणि त्यांची सोय करतात. तशीच सोय जैवनीतिशास्त्राच्या परिषदेला लागू करायला नवा कायदा लागत नाही, परिपत्रकावर कुलसचिवांची सही पुरते. ती सही वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांसाठी, आणि विधी शाखेसाठी तिच्या विद्यापीठांत, एकाच वेळी व्हावी आणि निवड करताना पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले आधी घ्यावीत, त्यांच्या वॉर्डातल्या पाळ्या भरात येण्याच्या आत.