नूव्होवर अन्याय नको

लिनक्सवर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर सरसकट काढून टाकावा, कारण तो ‘मुळातच संथ’ आहे, असा सल्ला मागच्या अंकातील पत्रात दिला आहे. हा नूव्हो लिहिणाऱ्यांवर अन्याय आहे.

कंपनीची कागदपत्रं हाती नसताना, कार्ड कसं वागतं हे तपासत लिहिलेला हा ड्रायव्हर २०१० साली लिनक्सच्या २.६.३३ आवृत्तीत दाखल झाला. संथपणाचं मूळ वेगळं आहे. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाचं क्लॉक, म्हणजे वेग, वाढवायला कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं. ते नूव्होला मिळेना, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्येच राहिली.

ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासून चित्र बदललं. त्या कार्डांतला जीएसपी हा छोटा प्रोसेसर क्लॉक सांभाळतो आणि लिनक्स ६.७ पासून नूव्हो त्याचा उपयोग करू शकतो. मे २०२२मध्ये कंपनीनेही आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला.

तेव्हा आधी कार्ड पाहावं. टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ हा पर्याय जोडला की सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे आणि कोणती मॉड्यूल उपलब्ध आहेत, दोन्ही दिसतं. एका कार्डाचा ताबा एका वेळी एकाच ड्रायव्हरकडे असतो. म्हणूनच कंपनीचा ड्रायव्हर टाकताना नूव्हो ब्लॅकलिस्ट करतात.

कुडा या एनव्हिडियाच्या गणनप्रणालीवर काम करणाऱ्यांनी कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा, यात वाद नाही. पण केपलर पिढीची कार्डं कंपनीच्या ४७० ड्रायव्हर मालिकेपाशीच थांबली. नव्या कर्नलवर त्यांना नूव्होचाच आधार आहे, आणि पत्रातला सल्ला नेमका तोच काढून घेतो.