नंबर देखणा, पण उचलणार कोण?

कळवणच्या बसस्थानकापासून बाजार समितीच्या दिशेनं चालत गेलं तर दुकानांच्या पाट्यांवर मालकाच्या नावापेक्षा मोबाइल नंबर मोठा दिसतो. ठिबक, बियाणं, ट्रॅक्टरचे सुटे भाग, मंडप-डेकोरेशन, कुठलाही धंदा घ्या. एक नंबर खोडलेला, त्याखाली दुसरा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात थोरल्या मुलाचा. या गर्दीत आता एखादी पाटी 1800 ने सुरू होणारा नंबर मिरवू लागली आहे. माझ्या भाच्याची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. त्यालाही तसाच नंबर हवाय. "मामा, 1800 लिहिलं की धंदा मोठा वाटतो," हे त्याचं म्हणणं.

वाटतो खरा. पण त्या मोठेपणाचं बिल कोण भरतं ते आधी समजून घ्यावं. टोल-फ्री म्हणजे फोन करणाऱ्याला फुकट आणि घेणाऱ्याच्या माथी खर्च. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं 1967 मध्ये ही सोय आणली. घेणाऱ्यानं पैसे भरायचे, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. मे 2003 पर्यंत आपल्याकडे मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे कापले जात. फोन वाजला की उचलावा की कापावा, याचा विचार लोक करायचे. तेव्हा ती सक्ती होती, टोल-फ्रीवाला हा भार राजीखुशीनं घेतो. महिन्याचं भाडं वेगळं आणि मिनिटागणिक आकार वेगळा. एखादा गावकरी नुसतं बोलायला म्हणून पाऊण तास फोन धरून बसला, तरी मीटर भाच्याचंच पळणार. 1800 आणि 1860 यांतही गल्लत होते. 1860 ला फोन केला तर पैसे करणाऱ्याचे जातात, हे पुष्कळांना बिल आल्यावर कळतं.

त्यात 'फुकट' या शब्दाची जादूही आता उतरली आहे. एके काळी गरिबाचं टोल-फ्री म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग द्यायची, कापायचं, पुढचा फोन करेल. 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून देशभरातून मिस्ड कॉल दिले गेले ते याच सवयीच्या जोरावर. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कॉलचे पैसे मोजायची सवयच गेली. आता रिचार्ज मारला की महिनाभर बोला. देवळ्याच्या किंवा सटाण्याच्या शेतकऱ्याला भाच्याला फोन करायला वेगळा रुपया लागत नाही. म्हणजे पैसे वाचतात म्हणून कोणी 1800 फिरवेल, ही आशा सोडावी.

मग उरतं काय? उरतं ते कामाचं आहे. हा नंबर एका माणसाच्या खिशाला बांधलेला नसतो. भाचा सप्तशृंगी गडावर गेला, रेंज गेली, तरी कॉल रोपवाटिकेतल्या दुसऱ्याच्या फोनवर वळवता येतो. दोघे बोलत असतील तर तिसऱ्याकडे जातो. कामावरचा माणूस सोडून गेला तर गिऱ्हाईक त्याच्यासोबत जात नाही. धंदा वाढला, जागा बदलली, तरी पाटी रंगवावी लागत नाही. एवढं पुरेसं असेल तर खुशाल घ्यावा.

आता आकड्यांकडे येऊ. लोकांना वाटतं की अख्खा नंबर आपल्या मर्जीचा. तसं नसतं. 1800 ठरलेला, पुढचे दोन-तीन आकडे सहसा दूरसंचार कंपनीचे, आपली निवड चालते ती शेवटच्या चारांत. महावितरणचे दोन नंबर पाहा: 1800-233-3435 आणि 1800-212-3435. मधले आकडे बदलले, शेवट तोच. चौतीस-पस्तीस. रात्री अंधारात, डीपी उडालेला असताना, मेणबत्तीच्या उजेडातही आठवतो. 21 जानेवारी 2004 ला सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 घ्या. पंधरा-एक्कावन्न, उलटसुलट सारखाच. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन मुंबईत 1996 मध्ये सुरू झाली. दहा, नऊ, आठ. शाळेचं तोंड न पाहिलेल्या रस्त्यावरच्या पोरालाही उतरते आकडे म्हणता येतात. या तिन्ही नंबरांत कसलाही शुभ अंक शोधलेला नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार तेवढा दिसतो.

आपल्याकडे हा विचार जरा जास्तच करावा लागतो, कारण आपले आकडे अवघड. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. फोनवर ऐकताना यातला कुठला म्हणाला ते समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन', 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. पण मुलांची अडचण खरी होती आणि ती मोठ्यांनाही असते. जुना माणूस जोडीनं आकडे सांगतो, नवा पोरगा 'डबल सेव्हन, ट्रिपल फोर' म्हणतो. नंबर दोघांच्या तोंडी बसला पाहिजे. अमेरिकेत आकड्यांच्या जागी अक्षरं वापरून 1-800-फ्लॉवर्ससारखे नंबर चालले. कीपॅडवरच्या इंग्रजी अक्षरांतून शब्द जुळवत बसणारा शेतकरी आपल्याकडे नाही, तेव्हा ती हौस नको. बेरीज नऊ येणारा 'लकी' नंबर ज्यादा पैसे मोजून घेण्यापेक्षा यादीतले चार-पाच नंबर घरातल्या आजीला एकदाच म्हणून दाखवावेत आणि जेवण झाल्यावर विचारावं. तिला जो आठवेल तो घ्यावा.

भाच्याला मी आणखी एक सांगितलं. पानावरचा करपा दाखवायला लोक फोटोच पाठवणार, तेव्हा व्हॉट्सॲपचा मोबाइल नंबर पाटीवरून हटणार नाही. दोन्ही नंबरांचे शेवटचे चार आकडे एकच मिळाले तर सोन्याहून पिवळं. आणि 1800 दिसलं की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, हेही दिवस गेले. इंटरनेटवर खोटे कस्टमर केअर नंबर टाकून लुबाडणारे झाले, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी सरकारला 1930 ही हेल्पलाइन काढावी लागली. म्हणून आपला नंबर पावतीवर, पिशवीवर, ट्रेच्या लेबलवर छापलेला असावा, म्हणजे गिऱ्हाइकाला तो इंटरनेटवर शोधायची वेळ येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. मागे माझी पाण्याची मोटार बंद पडली तेव्हा एका कंपनीच्या टोल-फ्रीवर फोन केला. मराठीसाठी 2 दाबा, तक्रारीसाठी 4 दाबा, मग संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. कॉल फुकट होता, पण तोवर पाण्याची पाळी गेली. रोपवाटिकेला हे परवडणारं नाही. उन्हाळ कांद्याचं उळं टाकायच्या दिवसांत, टोमॅटोच्या लागणीत, शेतकरी सकाळी सहाला फोन करतो आणि रात्री लाइट आली की शेतातूनही करतो. किसान कॉल सेंटर सकाळी सहा ते रात्री दहा चालतं ते उगाच नाही. त्यात आपला मुलूख असा की एक जण मराठीत विचारेल, दुसरा अहिराणीत "काय भाव शे?" म्हणेल, तिसरा कनाशीकडचा कोकणा बोलीतला असेल. यंत्राला हे कुठून कळणार? तिथं माणूस लागतो, गावातला, रोपाची जात आणि माणसाची अडचण दोन्ही ओळखणारा.

म्हणून भाच्याला माझा सल्ला असा: या हंगामात आधी फोनवर बसणारा एक माणूस पगारावर ठेव, आहे त्याच मोबाइलवर. एकही कॉल सुटत नाही अशी घडी बसली की मग 1800 घे. आणि ज्यांच्या पाटीवर तो आधीच रंगलाय त्यांना विनंती: उद्या दुपारी तीन वाजता दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून पाहा. कोणी उचलला नाही, तर त्या नंबरासाठी भरताय ते भाडं वाया जातंय.