संमतीचा उपचार नको, संरक्षण हवे

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रमुख तरतुदी अमलात येण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठरविण्यात आली. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता. हा अधिकार निकालपत्रातून आणि राजपत्रातून सामान्य माणसाच्या हातातील मोबाइलपर्यंत पोहोचणार कसा, हा आता खरा प्रश्न आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसणारा एखादा विद्यार्थी सकाळी स्पर्धा परीक्षेची माहिती शोधतो, दुपारी शिकवणीवर्गाचे शुल्क पाहतो आणि रात्री निद्रानाशावरील उपाय वाचतो. ही तीन संकेतस्थळे परस्परांना ओळखतही नसतील. परंतु तिन्ही ठिकाणी एकाच जाहिरात कंपनीची यंत्रणा बसविलेली असेल, तर हा वाचक एकच आहे हे त्या कंपनीला कळू शकते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ‘कुकी’ तयार केली ती संकेतस्थळाला आपला ग्राहक लक्षात राहावा एवढ्यासाठी. पुढे तिऱ्हाइतांनी तिचा उपयोग पाळतीसाठी करून घेतला.

पत्राच्या बाबतीत हा देश असे सहन करीत नव्हता. नागरिकांची पत्रे अडवून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक १९८६ मध्ये संसदेने मंजूर केले, तेव्हा देशभर गदारोळ उठला. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही आणि ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. आज मात्र माणूस काय वाचतो याची नोंद दिवसरात्र होत असते आणि कोणी हूं की चूं करीत नाही.

‘वाचकाची संमती घेतलेली असते’, असे यावर उत्तर दिले जाते. नव्या कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून-उमजून दिलेली असावी, असे म्हटले आहे. तथापि परीक्षेचा निकाल पाहण्याच्या घाईत असलेला विद्यार्थी किंवा कचेरीतील काम उरकणारा कारकून ‘मान्य आहे’ हे बटण दाबतो, त्याला संमती म्हणणे ही शब्दांची थट्टा आहे. जे संरक्षण मागितल्यावाचून मिळत नाही, ते बहुसंख्यांना मिळतच नाही. म्हणूनच ते ब्राउझरमध्ये मुळातच असले पाहिजे.

हे अशक्य नाही, हे सिद्ध झाले आहे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइतांच्या सर्व कुकी बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाळत रोखणारी व्यवस्था सर्वांसाठी आपोआप लागू केली आणि २०२२ मध्ये ती अधिक कडक केली. गूगलने मात्र क्रोममधून अशा कुकी दोन वर्षांत हद्दपार करण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली, ती वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. या बदलाने गूगलचेच वर्चस्व वाढेल, ही ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाची शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु जिची मुख्य मिळकत जाहिरातींची, तिच्याच हाती बहुसंख्यांचा ब्राउझर असावा, ही विसंगती त्यामुळे झाकली जात नाही.

जाहिराती बंद झाल्या तर फुकट मिळणारा मजकूरही बंद होईल, असा इशारा दिला जातो. पण वृत्तपत्रांनी शतकाहून अधिक काळ जाहिराती छापल्या आणि त्यासाठी वाचकाच्या घरात डोकावून पाहिले नाही. मजकुराला अनुरूप जाहिरात देणे आजही शक्य आहे. जाहिरातीला विरोध नाही, पाठलागाला आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनी तिच्यात पहिली आली. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र कंपन्यांची पाळत जाऊन सरकारची यावी, हा स्वदेशीचा अर्थ होऊ नये. सरकारी यंत्रणांना या कायद्यातून व्यापक सूट देता येते, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा काही गोष्टी आताच व्हाव्यात. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास कायद्याने मनाई केली आहे; शाळांच्या संगणकांवर पाळत रोखणारी व्यवस्था आधीपासूनच चालू ठेवणे, ही त्या मनाईची पहिली अंमलबजावणी ठरेल. महापालिका, विद्यापीठ आणि परीक्षा मंडळे यांनी आपल्या संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांच्या यंत्रणांना थारा देऊ नये. कुकी रोखल्या तरी यंत्राच्या बारीकसारीक वैशिष्ट्यांवरून माणूस ओळखण्याच्या युक्त्या आहेत. त्यांची सतत तपासणी करण्याचे काम, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकसारख्या संस्थेकडे सोपविता येईल.

घराला कुलूप हवे की नको, असे बिऱ्हाडकरूला रोज दाराशी गाठून कोणी विचारीत नाही. कुलूप दारालाच असते. उघडायचे की नाही, हे मात्र त्याने ठरवायचे असते. ब्राउझरलाही हाच न्याय लागू झाला पाहिजे.